काउन्सिलकडून येणारं मतदार यादीचं पत्र: ब्रिटनमधल्या मराठी घरांसाठी धागा

थेम्सकाठ

नमस्कार मंडळी,

जुलै ते नोव्हेंबर या काळात इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमधल्या घराघरांत काउन्सिलकडून, म्हणजे इथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेकडून, मतदार यादीबद्दल पत्र किंवा ईमेल येतो. पाकिटावर बऱ्याचदा माणसाचं नाव नसतं, नुसतं 'द ऑक्युपायर' असतं. मग आपल्या अनेक घरांत ते पिझ्झाच्या पत्रकांबरोबर न उघडताच रद्दीत जातं. हा धागा त्या पाकिटाबद्दल आहे.

आधी मुद्द्याचं. तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल, वय १८ पूर्ण असेल आणि तुम्ही व्हिसावर कायदेशीरपणे इथे राहत असाल, तर तुम्हाला ब्रिटनमध्ये मतदानाचा हक्क आहे. काउन्सिलच्या निवडणुकीत आहे, तसाच पार्लमेंटच्याही निवडणुकीत आहे. भारत राष्ट्रकुलाचा सदस्य आहे, म्हणून. नोकरीचा व्हिसा, विद्यार्थी व्हिसा, जोडीदाराचा व्हिसा, कोणताही चालतो. आयएलआरची (इथे कायम राहण्याच्या परवानगीची) किंवा ब्रिटिश नागरिकत्वाची वाट बघायची नाही. वर्षानुवर्षं इथे राहून, काउन्सिल टॅक्स भरून, मुलांना इथल्या शाळांत घालूनही हे ठाऊक नसलेली माणसं मला दर गणपतीत भेटतात आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो.

आता काउन्सिल यात काय करते ते सांगतो. प्रत्येक काउन्सिलमध्ये एक इलेक्टोरल रजिस्ट्रेशन ऑफिसर असतो. १९८३ च्या रिप्रेझेंटेशन ऑफ द पीपल कायद्याने त्याच्यावर जबाबदारीच टाकली आहे की यादी पूर्ण आणि बिनचूक राहावी यासाठी लागेल ते करायचं, गरज पडली तर घरोघर माणसं पाठवायची. म्हणजे तुमच्या दाराशी ओळखपत्र गळ्यात घालून आलेला माणूस हे काम कायद्यानुसार करत असतो. दरवर्षीच्या या पाहणीला इथे ॲन्युअल कॅन्व्हास म्हणतात. ती संपली की १ डिसेंबरपर्यंत सुधारित यादी प्रसिद्ध होते.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, म्हणून वेगळी लिहितो. त्या पत्राला उत्तर देऊन घरातल्यांची नावं कळवली म्हणजे नोंदणी झाली असं नाही. २०१४ च्या आधी कुटुंबप्रमुखाने एका फॉर्मवर सगळ्यांची नावं लिहिली की काम व्हायचं. त्या वर्षीपासून प्रत्येकाने स्वतःचा अर्ज स्वतः करायचा, अशी पद्धत आली. तुम्ही पत्रावर बायकोचं नाव लिहिलंत तर काउन्सिल तिला वेगळं निमंत्रण पाठवते. तिने सरकारच्या 'रजिस्टर टू व्होट' पानावर पाच मिनिटांचा अर्ज भरला, की नोंदणीचं काम पुढे सरकतं. आपल्याकडे बहुतेक घरं इथेच अडकतात. नवऱ्याचं नाव असतं, बायकोचं नसतं. आईवडिलांची असतात, अठरा पूर्ण झालेल्या मुलीचं नसतं.

एका मताने काय होतं, असं कुणी म्हणालं की मी हेन्डनचं उदाहरण देतो. बार्नेटमधला हा मतदारसंघ, आपल्या लोकांच्या रोजच्या जाण्यायेण्याचा भाग. २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत तिथला निकाल १५ मतांनी लागला. त्याआधी २०१७ मध्ये नॉर्थ ईस्ट फाइफमध्ये २ मतांनी लागला होता. आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेले दादाभाई नौरोजी १८९२ साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून पार्लमेंटमध्ये गेले, ते मोजणीतल्या अवघ्या ५ मतांच्या फरकाने.

तुमच्या काउन्सिलने काय केलं, काय करायला हवं होतं, कुठे अडलात, सगळं इथे लिहा. जाणकारांनी दुरुस्त्या जरूर सुचवाव्यात.


मिडलँड्सकर

फार गरजेचा धागा. पण दोन शंका आहेत, त्याही माझ्या एकट्याच्या नाहीत, आमच्या सगळ्या गटात हाच घोळ आहे. भारतीय नागरिक असताना परदेशात मतदान केलं तर भारतीय नागरिकत्व जातं का? आणि पुढे आयएलआरच्या अर्जात हे आड येईल का? माझ्या अमेरिकेतल्या भावाने तर ऐकल्याबरोबर सांगितलं, भलत्या भानगडीत पडू नकोस.


थेम्सकाठ

मिडलँड्सकर, तुमच्या भावाचं त्याच्या देशापुरतं बरोबरच आहे. अमेरिकेत नागरिक नसताना तिथल्या केंद्रीय निवडणुकीत मत देणं हा गुन्हा आहे आणि त्यावरून माणसाला देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. म्हणून तिथले आपले लोक कळकळीने सावध करतात आणि तोच सल्ला इथे लागू आहे असं आपण धरून चालतो. इथला कायदा वेगळा आहे. राष्ट्रकुलातल्या नागरिकाला इथल्या कायद्यानेच मतदार मानलं आहे. हक्काने केलेली नोंदणी व्हिसाच्या किंवा आयएलआरच्या आड येत नाही.

भारतीय नागरिकत्वाचं म्हणाल, तर १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं तर आपलं जातं. मतदान करणं म्हणजे नागरिकत्व घेणं नव्हे. अर्जात राष्ट्रीयत्व विचारतात, तिथे सरळ 'इंडिया' लिहायचं. काही लपवायचं नाही, काही वाढवून सांगायचं नाही.


हौन्स्लोची_नवी

धागा वाचून लगेच अर्ज भरायला बसले आणि नॅशनल इन्शुरन्स नंबरपाशी (नोकरी-करासाठी इथे मिळणारा सरकारी क्रमांक) थांबले. मी डिपेन्डन्ट व्हिसावर नुकतीच आले आहे, नोकरी अजून नाही, नंबरही नाही. म्हणजे मला थांबावं लागणार का?


नोंदवहीवाली

हौन्स्लोची_नवी, अजिबात थांबू नकोस. नंबर नाही असं अर्जात लिहिता येतं, कारणही देता येतं. काउन्सिल नंतर ओळखीचा पुरावा मागेल. पासपोर्टची प्रत पाठवली की बहुतेक वेळा भागतं.

मी एका काउन्सिलच्या इलेक्टोरल सर्व्हिसेसमध्ये काम करते. कुठली ते लिहीत नाही, कारण इथे मी कार्यालयातर्फे बोलत नाहीये. पण काम आतून कसं चालतं हे सांगितलं तर धाग्याला उपयोग होईल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उन्हाळ्यात आम्ही अख्खी यादी ताडून बघतो. यादीतली नावं आधी डिपार्टमेंट फॉर वर्क अँड पेन्शन्स या सरकारी खात्याच्या नोंदींशी जुळवली जातात. मग आमच्याकडच्या नोंदी, म्हणजे मुख्यतः काउन्सिल टॅक्सच्या. घरातली सगळी नावं जुळली तर त्या घराला साधं पत्र किंवा ईमेल जातो: ही नावं आमच्याकडे आहेत, बदल नसेल तर काही करू नका. इथे एक धोका आहे. पत्रात फक्त आधीच्या भाडेकरूंची नावं असली आणि तुम्ही 'काही करू नका' एवढंच वाचलं, तर तुम्ही यादीबाहेर राहता. पत्रात तुमचं नाव नसेल तर उत्तर द्यायलाच हवं.

नावं जुळली नाहीत तर ते घर दुसऱ्या गटात जातं. त्या घराशी आम्हाला निदान तीन वेळा संपर्क साधावा लागतो आणि त्यातला एक तरी प्रत्यक्ष, म्हणजे दारावर किंवा फोनवर. वसतिगृहं, वृद्धाश्रम, खोल्या वेगवेगळ्या भाड्याने दिलेली घरं यांचा गट निराळा. तिथे व्यवस्थापकाकडून माहिती घेता येते, पण अर्ज ज्याचा त्यानेच करायचा.

संध्याकाळी पाचच्या पुढे आमची माणसं फिरतात, कारण दिवसा घरी कुणी नसतं. पाऊस, अंधार, कुत्री, इमारतींचे बंद पडलेले इंटरकॉम. आपल्या लोकांच्या घरी अनुभव चांगला येतो, पाणी विचारतात, पण माहिती द्यायला कचरतात. 'नवरा आल्यावर या' हे उत्तर मी स्वतः किती दारांवर ऐकलं आहे. बायांनो, तुमचं नाव तुम्ही सांगू शकता. आलेल्या माणसाचं ओळखपत्र बघा, शंका असेल तर काउन्सिलच्या नंबरवर फोन करून खात्री करा. बँकेचा तपशील किंवा पैसे आम्ही कधीच मागत नाही. नोंदणी पूर्ण फुकट असते.

मराठी नावांची एक खास अडचण लिहायलाच हवी. आपल्या पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं. पगाराच्या नोंदीत ते कधी असतं, कधी नसतं, कधी पहिल्या नावाला चिकटून येतं. लग्नानंतर आडनाव बदललं तर अर्धी कागदपत्रं माहेरच्या नावाची, अर्धी सासरच्या. अर्जातलं नाव, जन्मतारीख आणि इन्शुरन्स नंबर सरकारी नोंदीशी जुळला नाही की आम्ही पत्र पाठवून पुरावा मागतो. अर्जदाराला वाटतं, आपण अर्ज केला म्हणजे झालं. ते पत्र उघडलं जात नाही आणि अर्ज तसाच पडून राहतो. नॅशनल इन्शुरन्सच्या पत्रावर जसं नाव आहे तसंच अर्जात लिहा, अर्धी कटकट वाचेल.

आणि दंडाचं. घराच्या चौकशीच्या फॉर्मला मुद्दाम उत्तरच दिलं नाही तर १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. वारंवार निमंत्रण, स्मरणपत्रं, भेट आणि शेवटी नोटीस देऊनही पात्र माणसाने अर्ज केला नाही तर ८० पौंड. हे पत्रावर छापलेलं असतं म्हणून लोक घाबरतात. ते अगदी शेवटचं पाऊल आहे. आम्हाला तुमचं नाव यादीत हवं आहे.


हौन्स्लोची_नवी

ताई, मनापासून आभार. आता अर्ज करते. आणि हो, दार मीच उघडेन.


मुक्काम_क्रॉयडन

नोंदवहीवाली ताईंबद्दल आदर ठेवून वेगळं मत मांडतो. काउन्सिल पत्रं पाठवते, हे खरं. पण ती पोचतात कुणापर्यंत? इलेक्टोरल कमिशनच्या २०२३ च्या अहवालात म्हटलं आहे की यादी ८६ टक्के पूर्ण आहे आणि तब्बल ८० लाखांपर्यंत माणसं आपल्या पत्त्यावर नीट नोंदलेली नाहीत. कर्ज फिटलेल्या स्वतःच्या घरात राहणाऱ्यांमध्ये नोंदणी ९५ टक्के, आणि खाजगी भाडेकरूंमध्ये ६५ टक्के. आपली नव्याने आलेली माणसं कुठे राहतात? भाड्याच्या घरात. दर वर्ष-दोन वर्षांनी घर बदलतात. अनेक जण अशा घरात राहतात जिथे भाड्यातच काउन्सिल टॅक्स धरलेला असतो, म्हणजे काउन्सिलच्या टॅक्सच्या वहीत नाव घरमालकाचं. मग कशाशी ताडणार?

याच काउन्सिलकडे माझ्या मुलाच्या शाळाप्रवेशाचा अर्ज आहे, पार्किंग परवाना आहे, वाचनालयाचं कार्ड आहे. गाडी उभी करायला मी कुठे राहतो हे तिला पक्कं माहीत आहे, मत द्यायला मात्र मीच अर्ज करायचा. जे देश नागरिकांना आपोआप यादीत घेतात त्यांच्याकडून हे शिकायला हवं. जी जबाबदारी व्यवस्थेची आहे ती पत्र पाठवून माणसावर ढकलणं मला पटत नाही.


नोंदवहीवाली

मुक्काम_क्रॉयडन, तुमचा राग रास्त आहे आणि मोठ्या भागाशी मी सहमत आहे. आम्ही सात-आठ जण आणि हंगामी माणसं मिळून काही लाख नावं सांभाळतो. स्थानिक नोंदी आम्ही बघू शकतो, बघतोही, पण त्यावरून करता येतं ते एवढंच की तुम्हाला निमंत्रण पाठवायचं. तुमच्या अर्जाशिवाय नवीन नाव घालण्याचा अधिकार इंग्लंडमध्ये सध्या आम्हाला नाही. वेल्सने २०२४ च्या कायद्याने आपोआप नोंदणीची वाट मोकळी केली आहे आणि तिथे काही काउन्सिलांत त्याचे प्रयोग झाले आहेत. ब्रिटिश सरकारनेही जुलै २०२५ मध्ये त्या दिशेने जायचं जाहीर केलं.

तोवर काय करता येतं? काही काउन्सिल नवीन माणसाने टॅक्सचं खातं उघडलं की त्याच पानावर नोंदणीचा दुवा देतात. काही जण नागरिकत्वाच्या समारंभात, जो काउन्सिलच भरवते, टेबल मांडून बसतात. शाळांत सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना अर्ज भरायला लावतात, कारण अठरा व्हायच्या आधी नाव घालून ठेवता येतं. माझा अनुभव विचाराल तर सगळ्यात जास्त उपयोग होतो तो ओळखीच्या माणसाच्या शब्दाचा. आमच्या दहा पत्रांनी जे होत नाही ते शेजारच्या काकूंनी सांगितलं की होतं.


मुक्काम_क्रॉयडन

अधिकार नाही हे मला माहीत नव्हतं. मग माझी मागणी काउन्सिलकडे नाही, पार्लमेंटकडे आहे. आपल्या खासदाराला हे लिहायला हवं.


एडिनबरा_वारा

स्कॉटलंडचं थोडं वेगळं आहे, म्हणून लिहितो. इथे यादीचं काम बहुतेक भागांत काउन्सिल थेट करत नाही, व्हॅल्युएशन जॉइंट बोर्ड नावाची संस्था करते. एडिनबरासाठी लोदियन बोर्ड आहे. नोंदणीचा अर्ज मात्र त्याच सरकारी पानावर. स्कॉटिश पार्लमेंट आणि काउन्सिलसाठी १६ व्या वर्षी मत देता येतं, आणि १४ व्या वर्षापासून नाव नोंदवता येतं. वेल्समध्येही सेनेड (तिथली संसद) आणि काउन्सिलसाठी १६ च. या दोन्ही ठिकाणी स्थानिक निवडणुकांत राष्ट्रकुलाबाहेरचे परदेशी नागरिकही, कायदेशीर राहत असतील तर, मतदार असतात. म्हणजे घरात एक भारतीय आणि एक जपानी असं जोडपं असेल तर दोघंही.

उत्तर आयर्लंडमध्ये तर काउन्सिलचा संबंधच नाही, तिथे स्वतंत्र इलेक्टोरल ऑफिस आहे.


डब्लिनची_लेक

उत्तरेचा विषय निघालाच आहे तर दक्षिणेचंही सांगते. आयर्लंड प्रजासत्ताकात आपल्याला राष्ट्रीय निवडणुकीत, म्हणजे डॉलसाठी (संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी) मत नाही. पण स्थानिक निवडणुकीत इथे राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाला आहे, मग पासपोर्ट कुठलाही असो. यादी काउन्सिलच ठेवते. २०२२ च्या कायद्यानंतर अर्ज ऑनलाइन, पीपीएस नंबर (इथला वैयक्तिक सरकारी क्रमांक) आणि एअरकोड (इथला पिनकोड) टाकून होतो, आणि नाव यादीत आहे का तेही बघता येतं.

जून २०२४ च्या स्थानिक निवडणुकीआधी आमच्या भागातल्या वाचनालयात काउन्सिलची माणसं बसली होती. मी मुलीसाठी पुस्तकं बदलायला गेले होते, तिथल्या तिथे अर्ज झाला. मी स्वतः मत देईपर्यंत माझ्या ऑफिसातल्या कुणाही भारतीय मैत्रिणीला हे माहीत नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं की मत फक्त आयरिश माणसांचं. रस्त्यावरचा सायकल मार्ग, खेळाचं मैदान, घरांचे आराखडे हे सगळं तिथे ठरतं, आणि त्यात आमचं मत आहे, ही भावना फार मोलाची वाटली.


सातारची_बाई

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. सध्या लेकाकडे रेडिंगला आले आहे. तुमची चर्चा रोज वाचते आहे.

नोकरीत असताना बरीच वर्षं बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारी बूथ लेव्हल ऑफिसर, म्हणून काम केलं. नवीन नावाला नमुना ६, वगळायला ७, दुरुस्तीला आणि स्थलांतराला ८, हे अजून तोंडपाठ आहे. आपल्याकडे नगरपालिका किंवा महानगरपालिका स्वतः मतदार घडवत नाही. निवडणूक आयोगाची विधानसभेची यादी असते, तीच प्रभागांत फोडून स्थानिक निवडणुकीला वापरतात. नाव घालायचं काम आम्हा शिक्षक, अंगणवाडी सेविका, तलाठी मंडळींचं. शाळा सुटल्यावर याद्या घेऊन वाड्या-वस्त्यांवर जायचं. ऊसतोडीला गेलेलं घर बंद असायचं, परत आल्यावर पुन्हा जायचं. इथल्या काउन्सिलची माणसं संध्याकाळी फिरतात हे वाचलं आणि ते दिवस आठवले.

पण एक फरक जाणवला. आमच्या यादीवर गावाची नजर असायची. प्रारूप यादी लागली की चार माणसं जमायची, अमक्याच्या सुनेचं नाव नाही, तमका वारला त्याचं काढा, असं सांगायची. गावातलं प्रत्येक घर मला ठाऊक होतं. इथल्या काउन्सिलच्या माणसाला तुमचं घर ठाऊक नाही. ते तुम्हीच त्याला सांगायला हवं.

आता माझा प्रश्न. मी सहा महिन्यांच्या भेटीच्या व्हिसावर आहे. सून म्हणते, आई तुम्हीही भरा अर्ज, राष्ट्रकुल आहे ना. मला शंका येते.


थेम्सकाठ

बाई, तुमची शंका अगदी बरोबर आहे. राष्ट्रकुलाचं नागरिकत्व आणि व्हिसा एवढ्यावर भागत नाही, त्या पत्त्यावर 'राहणं' लागतं. काही महिन्यांसाठी पाहुण्या म्हणून आलेल्या व्यक्तीचं घर इथे आहे असं साधारणपणे मानत नाहीत. काठावरची परिस्थिती असेल तर निर्णय नोंदणी अधिकारी घेतो. तुमचं मत साताऱ्यात आहे आणि तिथेच राहू द्या. लेकाचं आणि सुनेचं नाव मात्र आजच बघून घ्या.

तुमचा 'गावाची नजर' हा मुद्दा मनाला भिडला. इथे इंग्लंडमध्ये आपलं नाव यादीत आहे का ते ऑनलाइन बघायची सोय नाही. काउन्सिलच्या इलेक्टोरल सर्व्हिसेसला फोन किंवा ईमेल करावा लागतो. आपल्या मंडळांनी ती नजर ठेवायला हवी.


लीड्सची_खोली

मी मास्टर्सला आलो आहे. विद्यापीठाच्या हॉलमध्ये, म्हणजे वसतिगृहात राहतो. आमच्या फ्लॅटमध्ये सहा भारतीय आहेत, एकाचंही नाव नाही. वॉर्डन म्हणाले, पूर्वी हॉलमधल्या सगळ्यांची एकदम नोंद व्हायची, आता ज्याची त्याने करायची. आज रात्री स्वयंपाकघरात सहाही जणांना बसवतो. एक प्रश्न: मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं म्हणे. माझ्याकडे इथलं लायसन्स नाही.


नोंदवहीवाली

लीड्सची_खोली, भारतीय पासपोर्ट चालतो. २०२२ च्या कायद्यानंतर ओळखपत्र लागू झालं, त्याच्या यादीत राष्ट्रकुलातल्या देशांचे पासपोर्ट आहेत. पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी दिलेला असेल आणि दुसरं काहीच नसेल तर काउन्सिलकडून व्होटर ऑथॉरिटी सर्टिफिकेट फुकट मिळतं. त्याचा अर्ज मतदानाच्या आधीच्या सहाव्या कामकाजाच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत करावा लागतो.

विद्यापीठांची मदत फार होते. शेफिल्डमध्ये विद्यापीठाने आणि काउन्सिलने मिळून प्रवेशाच्या वेळीच मतदार नोंदणीचा प्रश्न विचारायला सुरुवात केली, तेव्हा विद्यार्थ्यांची नोंदणी खूप वाढली. तुमच्या विद्यार्थी संघटनेला सुचवून बघा.


मिडलँड्सकर

माझ्या बायकोची एक काळजी आहे. यादीत नाव आलं की पत्ता जगाला कळणार, जाहिरातींचे फोन सुरू होणार. खरं आहे का?


नोंदवहीवाली

याद्या दोन असतात. पूर्ण यादी निवडणुकीसाठी, आणि कायद्याने ठरवलेल्या मोजक्या कामांसाठी, त्यात कर्जाची पत तपासणाऱ्या संस्था येतात. दुसरी खुली यादी, ती कुणीही विकत घेऊ शकतो. अर्ज भरतानाच 'खुल्या यादीत नको' अशी खूण करता येते, त्याने मताच्या हक्कावर काही परिणाम होत नाही. कुणाच्या जिवाला धोका असेल, उदाहरणार्थ घरातल्या हिंसेतून बाहेर पडलेली स्त्री, तर पुराव्यानिशी निनावी नोंदणीही होते. आमच्याकडे येणाऱ्या बायकांना मी हे आवर्जून सांगते.

पत तपासणाऱ्या संस्थांचा उल्लेख आलाच आहे तर, नवीन आलेल्या माणसाला मोबाइल करार, घराचं कर्ज मिळताना यादीतलं नाव मदत करतं. तुमची ओळख आणि पत्ता जुळतो म्हणून. अनेक काउन्सिल पत्रात हे कारण छापतात, आणि खरं सांगायचं तर तरुण मुलं हे वाचून अर्ज करतात. मला ते थोडं खटकतं, पण नाव येतंय ना, मग चालेल.

आणखी एक, म्हणजे नंतर कुणी बिचकू नये. यादीतल्या १८ ते ७५ वयाच्या माणसाला ज्युरीचं बोलावणं येऊ शकतं. तेरा वर्षांच्या वयानंतर निदान पाच वर्षं इथे राहिलेलं असावं लागतं. राष्ट्रकुलातल्या नागरिकालाही येतं.


वेम्बली_ढोलपथक

सातारच्या बाईंचं आणि थेम्सकाठ यांचं वाचून ठरवलं, की आमच्या मंडळात हा विषय न्यायचा. आमचा गणपती, दिवाळी, संक्रांत मिळून हजारभर माणसं येतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, इतर शहरांतही मंडळं उभी राहिली, पण मतदार नोंदणीसाठी आपण एकत्र टेबल मांडलेलं मी अजून पाहिलेलं नाही. समितीत एक हरकत निघाली की आपण धर्मादाय संस्था, राजकारण करता येत नाही. कुणाला नियम माहीत आहे का?


थेम्सकाठ

धर्मादाय संस्थेला कुठल्या पक्षाला किंवा उमेदवाराला पाठिंबा देता येत नाही. नोंदणी करा, मत द्या, एवढंच सांगायला काही आडकाठी नाही. म्हणून टेबलावर काउन्सिलची माणसं बसवावीत. उमेदवार, नगरसेवक, पक्षाचे कार्यकर्ते कितीही ओळखीचे असले तरी त्या टेबलापाशी त्यांना जागा देऊ नये, नाहीतर लोकांचा विश्वास जाईल. मोदकाच्या रांगेशेजारी टेबल ठेवा, लोक तिथे उभे असतातच. आणि बायकांच्या हळदीकुंकवात वेगळं टेबल ठेवा. माझ्या मते सगळ्यात जास्त नावं तिथे मिळतील.


वेम्बली_ढोलपथक

काउन्सिलला ईमेल केला, दोन दिवसांत उत्तर आलं. यायला तयार आहेत, टॅबलेटही त्यांचेच आणणार. त्यांनी एकच मागितलं: मराठीत समजावून सांगणारे चार-पाच स्वयंसेवक. शक्यतो त्यात दोन तरी बायका.


हौन्स्लोची_नवी

मी येते. माझं नाव यादीत आल्याचं पत्र कालच मिळालं.


मिडलँड्सकर

आमच्या इथेही मंडळाशी बोलतो. शेवटचा प्रश्न, मग धागा सोडतो. आम्ही पुढच्या महिन्यात घर बदलतोय. आत्ता केलेली नोंदणी नवीन पत्त्यावर आपोआप जाते का?


नोंदवहीवाली

नाही. काउन्सिल टॅक्सला नवीन पत्ता कळवला तरी मतदार यादीत तो आपोआप येत नाही. नवीन घरात गेल्यावर दोघांनीही पुन्हा अर्ज करा. कुठल्याही निवडणुकीसाठी शेवटची वेळ मतदानाच्या आधीच्या बाराव्या कामकाजाच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत असते, पण तेवढं थांबू नका, शेवटच्या दिवशी आमच्याकडे अर्जांचा ढीग पडतो. गावाला जाणार असाल तर पोस्टाने मतदानाचा अर्जही आता ऑनलाइन होतो, त्याची मुदत एक दिवस उशिराची, अकराव्या कामकाजाच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत.

वेम्बली_ढोलपथक, तुमच्या स्वयंसेवकांना नावांच्या घोळाबद्दल अर्धा तास समजावून द्यायचा असेल तर मी ऑनलाइन येऊ शकते. निरोप पाठवा.